येळवशीच्या रानात

धाराशिव जिल्हा म्हटला की वाचकांस तुळजापूरची भवानी, नळदुर्गचा किल्ला अथवा गोरोबाकाकांचे तेर आठवेल. आम्हीही प्रथम देवीचेच दर्शन घेतले. परंतु या खेपेस तेथील एका शेतकरी स्नेह्यांनी आम्हांस सहकुटुंब बोलाविले होते ते वेळ अमावास्येसाठी. मार्गशीर्षातील या अमावास्येस इकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रानोमाळ माणसांची गर्दी उसळते.

बालाघाटच्या पठारावरील त्या काळ्या रानात कडब्याची कोप उभारली होती. आत चुन्याने रंगविलेले पाच पांडव मांडले होते. पूजा झाल्यावर यजमानांनी आंबील शिंपडीत पिकास फेरी घातली. मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील अशी पंगत झाली. भज्जीतील तुरीचे दाणे, हरभरा सारे रानातलेच!

जेवणे आटोपताच आमची मुले बांधापलीकडील हरभऱ्याकडे धावली. तोच यजमानांची सून लगबगीने आडवी आली. "लेकरांनो, तिकडचं तोडू नका, परवाच फवारलंय. आपल्यातलं खा, पण धुऊन." मंडळींच्या चेहऱ्यावरील सणाची कळा क्षणभर उतरली.

"मग तुम्ही कसे फवारले नाही?" आम्ही विचारले.

"मोजल्याबगर फवारायचं न्हाई, काका," असे म्हणून तिने आम्हांस पिकात नेले. काठीस टांगलेल्या कामगंध सापळ्यात घाटेअळीच्या मादी पतंगाचा कृत्रिम गंध ठेवलेला असतो. त्यास भुलून नर पतंग येऊन अडकतात. हेक्टरी असे पाच सापळे लावितात. एका सापळ्यात रोज आठ-दहा पतंग, असे लागोपाठ दोन-तीन दिवस सापडले, किंवा ओळीच्या एका मीटरात एक-दोन अळ्या दिसल्या, तरच उपाय योजावयाचा. तिने त्या सकाळी दहा ठिकाणी मोजणी केली होती आणि एकंदर तीनच अळ्या आढळल्या होत्या.

यजमान मात्र अस्वस्थ होते. "शेजारी फवारतोय अन् आपण मोजत बसायचं! उद्या घाटे पोखरले म्हंजे?" ही भीती पोकळ नव्हे. ही अळी घाट्यात तोंड खुपसून, अर्धे अंग बाहेर ठेवून दाणे फस्त करते. पीक हातचे गेले तर वर्षाची बेगमी जाते. 2008 साली मराठवाडा व विदर्भातील सोयाबीनवर अळ्यांनी असाच घाला घातला. त्यातूनच पुढील वर्षी राज्यात कीड-सर्वेक्षण व सल्ल्याची योजना सुरू झाली. नेमलेल्या शेतांत ठराविक दिवशी कीड मोजावी आणि त्यावरून शेतकऱ्यांस सल्ला द्यावा, हे तिचे सूत्र. 1972 साली परभणीस स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, जे आज वसंतराव नाईकांचे नाव धारण करते, आणि तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांच्यामुळे ही विद्या या बांधापर्यंत पोचली आहे.

"मामंजी, औषध मारलं की अळीसंगं तिचं वैरीबी मरत्यात," सून म्हणाली. ते वैरी कोण, ते तिने दाखविले. पिकात ठोकलेल्या पक्षीथांब्यावर कोतवाल पक्षी बसला होता. एक चिमुकली गांधीलमाशी लहान अळीच्या अंगात अंडे घालते व तिची पिले त्या अळीसच खातात. अळ्या वाढल्याच तर प्रथम पाच टक्के निंबोळी अर्क. नंतर घाटेअळीसच रोग जडविणारा विषाणू. उन्हाने तो निकामी होतो म्हणून सायंकाळी फवारावा लागतो. त्याने अळ्या फांदीस उलट्या लटकून मरतात. माणसास वा मधमाशीस अपाय होत नाही. तीव्र औषध अगदी शेवटी. वारंवारच्या फवाऱ्यांनी ही अळी अनेक औषधांस दाद देईनाशी झाली आहे, हेही विसरून चालत नाही.

2017 साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने विसाच्या आसपास शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. ती बातमी आम्ही शहरात चहा घेता घेता वाचली होती. पाठीवर पंप घेणारे हात आणि आमच्या ताटातील भज्जी यांचे नाते त्या दिवशी प्रथमच ध्यानी आले.

निघताना सुनेने डहाळ्यांची एक पेंडी आमच्या सौभाग्यवतींच्या हाती दिली. यजमान जरा वेळ गप्प होते. मग सुनेकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी मलाबी संगं ने. बगू तरी, कसं मोजत्यात ते."