कलेजी कुणाच्या ताटात

दिवाळी सरली, सोयाबीनची रानं मोकळी झाली की सीहोरच्या रस्त्याला मारवाडचे कळप दिसू लागतात. लाल पागोट्यांचे रायका, रस्ता अडवून निवांत चालणारी शेकडो मेंढरं, आणि मागून येणाऱ्या उंटाच्या पाठीवर खाट, हंडे, कधी नुकतं जन्मलेलं कोकरूही. पाली-जालोरकडून निघालेली ही माणसं उन्हाळा माळव्यात काढतात. शेतकरी कळप रानात बसवून घेतो, त्याला लेंड्यांचं खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो, आणि पावसाच्या तोंडावर सगळे परत फिरतात. भोपाळच्या शाहपुऱ्यातून शहराबाहेर पडलं की मी हे बघते आणि दर वेळी सातारा-सांगलीकडचे धनगर आठवतात. माळव्यात मराठी राज्य रुजवणारे मल्हारराव होळकर १६९३ साली जन्मले तेही एका धनगराच्या घरात. मेंढरामागून चालणाऱ्यांच्या या मुलखात आपण मराठी माणसं काही अगदी परकी नाही.

मेंढपाळाच्या जेवणाची एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. जनावर कापलं की मांस हळद-मीठ लावून ठेवता येतं, उन्हात वाळवता येतं. काळीज, फोपसं, वजडी मात्र थांबत नाही. आतलं सगळं आधी बिघडतं. म्हणून कापल्या दिवसाचं जेवण आतल्या अवयवांचं. जत्रेच्या गावीही सकाळी रक्ती परतली जाते, काळजाचे तुकडे निखाऱ्यावर पडतात, आणि रस्सा रात्रीसाठी राहतो. आज आहारशास्त्र ज्याला जनावरातला सर्वांत सकस भाग म्हणतं, तो ताजा असताना पोटात जावा, अशी सोय या रीतीनं आपोआप झाली होती.

आमच्या घरी ही रीत नागपूरहून आली. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं नव्या मध्य प्रदेशच्या राजधानीत, भोपाळला, आली. माझे आजेसासरे त्यांच्यातलेच. आधी टी. टी. नगरचं सरकारी क्वार्टर, मग पुष्कळ वर्षांनी शाहपुऱ्यात तलावाजवळ स्वतःचं घर. ट्रंकेतून काय काय आलं असेल. पण स्वयंपाकघरात आला तो सावजी हात. नागपूरच्या हलबा कोष्ट्यांचा तो काळपट, जाळ मसाला: खसखस, सुकं खोबरं, धणे, मिरे, दगडफूल, आणि रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ. सावजीच्या खानावळीत खूर, मुंडी, कलेजी आणि आतड्यांची सुंदरी मटणाच्याच मानानं मांडलेली असते, तिथे ती उरलेली म्हणून येत नाही.

भोपाळनं या हाताला आणखी वळण दिलं. हे शहरही आतल्या मांसाचं जाणकार आहे. इब्राहिमपुऱ्याच्या चटोरी गल्लीत थंडीच्या रात्री पायांच्या देगीभोवती गर्दी असते. जहांगीराबादच्या बाजूला सकाळी लवकर गेलं तर दुकानात तिल्ली (प्लीहा), गुर्दे, ओझडी, सिरी-पाये वेगवेगळे टांगलेले दिसतात. इथे बहुतेक बकराच मिळतो, मेंढा कमी. दोघांच्या आतल्या अवयवांचा गुण जवळपास सारखाच. मेंढ्याची चरबी तेवढी जास्त पांढरी आणि घट्ट. ती ताटात लवकर थिजते, म्हणून मेंढ्याचं काही केलं तर गरमागरमच वाढावं.

सासूबाई वजडी साफ करायच्या तेव्हा अर्धी सकाळ त्यात जायची. दुकानदार धुऊन देतो, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. कढत पाण्यात बुडवायची, बाहेर काढून चुन्याचं पाणी चोळायचं, आणि चाकूच्या बोथट बाजूनं वरची करडी साय खरवडायची. पाणी फार उकळतं असेल तर ती साय उलट चिकटून बसते, थंड असेल तर सुटतच नाही. हे त्या बोट घालून ओळखायच्या. खाली लागतं ते पांढरंशुभ्र, मधमाशीच्या पोळ्यासारखं जाळीदार. मग पुन्हा पुन्हा धुणं, चुन्याचा अंश न ठेवता. पहिल्या उकळीचं पाणी हळद-आलं घालूनही फेकायचं, कारण सगळा वास त्यात उतरतो. त्यानंतर तुकडे, कुकरच्या भरपूर शिट्ट्या, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात तासभर मंद आच. वजडी मसाला पिऊन घेते आणि तरी दाताला आपलं अस्तित्व सांगत राहते. ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लिंबू. दुसरं काही लागत नाही.

कलेजीची तऱ्हा बरोबर उलटी. तिला वेळ दिला की ती बिघडते. वरचा पातळ पापुद्रा नखानं सोलून काढायचा, नळ्या कापून टाकायच्या, बोटभर तुकडे करायचे. कढई चांगली तापलेली हवी. तेलात लसूण-मिरे तडतडले की तुकडे घालायचे, मोठ्या आचेवर परतायचे, मधून गुलाबी रंग गेला की उतरवायचे. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून कलेजी चिवट होते. कुकरला लावलेली कलेजी मी बऱ्याच घरी खाल्ली आहे. ती खाणाऱ्याला वाटतं, कलेजी अशीच भुसभुशीत आणि कडू असते. गुर्दा मधोमध चिरून आतला पांढरा गाभा काढला आणि थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवला की त्याचा वास जातो. भेजा कोमट पाण्यात धरून वरची जाळी अलगद सोडवायची, हळद-मिठाच्या पाण्यात उकळून आधी घट्ट करायचा आणि मगच मसाल्यात घालायचा. फोपसं उकळताना फेस करून भांड्याबाहेर येतं, म्हणून भांडं मोठं घ्यायचं. ही सगळी विद्या बायकांच्या हातातून हातात गेली.

आणि इथेच माझं मन अडखळतं. एवढं सगळं करून सासूबाई शेवटी जेवायच्या. कलेजीचे तुकडे आधी मुलांना, मग पुरुषांना, ताकद यावी म्हणून. कढईच्या तळाशी राहिलेला मसाला पुसून त्या भाकरी खायच्या आणि वर चहा घ्यायच्या. त्यांच्या पापणीची आतली बाजू नेहमी फिकट असायची. जिना चढताना दम लागायचा, त्याला त्या वय म्हणायच्या, तेव्हा त्या चाळिशीतही नव्हत्या. शाहपुऱ्यातल्या आमच्या ओळीत अशा फिकट पापण्यांच्या बायका घराघरात होत्या. आजही आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या, आणि पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण ७२.७ टक्के होतं. १८१९ ते १९२६ या काळातली बहुतेक वर्षं ज्या शहरावर चार बेगमांनी राज्य केलं, त्या शहराच्या राज्याचे हे आकडे आहेत.

ज्या १९२६ साली त्या चौघींतल्या शेवटच्या सुलतान जहाँ बेगमनी गादी मुलाकडे सोपवली, त्याच साली बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी या दोन डॉक्टरांनी पंचेचाळीस रुग्णांची हकीकत जाहीर केली. तोवर जीवघेण्या ठरलेल्या एका रक्तक्षयाचे हे रुग्ण रोज भरपूर काळीज खाऊन उठून बसले होते. त्याआधी व्हिपल यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून रक्त भरून यायला काळीज उपयोगी पडतं हे दाखवलं होतं. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. काळजातला तो गुणकारी पदार्थ १९४८ मध्ये हाती लागला; आपण त्याला बी-१२ म्हणतो.

पण मला जवळची वाटते ती लुसी विल्स. ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयानं मरत होत्या. बाईंनी त्यांच्या जेवणाची चौकशी केली, उंदीर-माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानं या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये जगाला सांगितलं. काळजाचा कच्चा अर्कही त्यांना लागू पडत होता. चांगला शुद्ध केलेला मात्र नाही, म्हणजे हे बी-१२ पेक्षा निराळं काहीतरी होतं. पुढे ते फोलेट ठरलं. गरोदरपणात आज जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिच्या मुळाशी मुंबईच्या गिरणगावातल्या, नाव न राहिलेल्या बायका आहेत. आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी खेड्यातल्या आयांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात बी-१२ ची कमतरता सर्रास आढळली आणि तिचे परिणाम मुलांपर्यंत पोचताना दिसले.

आता शंभर ग्रॅम मेंढ्याच्या काळजात काय असतं ते बघा. सुमारे वीस ग्रॅम प्रथिनं, सात मिलिग्रॅमहून थोडं अधिक लोह, नव्वद मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२, दोनशेहून जास्त मायक्रोग्रॅम फोलेट. बी-१२ ची दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन-चार तुकड्यांतही तिच्या कितीतरी पट बी-१२ असतं. त्यातलं जे अंगी लागतं ते शरीर साठवून ठेवतं. लोहाचं गणित कठीण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलं आहे. पण मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी लागतं, आणि सोबतच्या भाकरीतलं लोह पचायलाही मांस मदत करतं. लिंबू पिळलं तर आणखी. जेवणावरचा तो चहा मात्र हे लोह अडवतो. तासभर तरी थांबावं. सर्वांत जास्त लोह कलेजीत नाहीच. ते तिल्लीत असतं, शंभर ग्रॅममध्ये चाळीस मिलिग्रॅमच्या घरात. कलेजी आता मटणाच्या भावानं मिळते, तिल्ली अजून स्वस्त आहे आणि लोक ती मांजरासाठी मागून नेतात. तिचा पातळ काप करून कलेजीसोबत परतला तर वेगळा कळतही नाही.

पाय मात्र माझ्या मते जास्तच मोठे केले गेले आहेत. हाड मोडलं की पायांचं सूप, असं भोपाळातही आहे आणि महाराष्ट्रातही. रात्रभर शिजलेल्या खुरांचा तो चिकट रस्सा मला फार आवडतो, थंडीत त्यासारखं सुख नाही. पण त्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. हाडातलं हाडातच राहतं. चिकटपणा जिलेटिनचा, आणि ते अपुरं प्रथिन आहे. जिभेसाठी खावा; हाड जुळवायला दूध, नाचणी आणि तीळ घ्यावेत.

काळजाच्या बाबतीतही सांभाळून राहायला हवं. त्यात अ जीवनसत्त्व एवढं असतं, शंभर ग्रॅममध्ये सात हजार मायक्रोग्रॅम, की बाईची आठवड्याची गरज एका बैठकीत भागते. म्हणूनच सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर यकृत आणि पिंपळी आहे. आणि म्हणूनच गरोदर बाईनं काळीज टाळावं, विशेषतः पहिल्या महिन्यांत. अतिरेकी अ जीवनसत्त्व गर्भाला बाधतं. तिला दिल (हृदय), तिल्ली द्या. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यानं हे सगळंच जपून खावं. भेज्यात कोलेस्टेरॉल प्रचंड, तेव्हा तो सणासुदीचाच पदार्थ. काळजात किंवा फोपशात पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो तुकडा घेऊ नका आणि कुत्र्यापुढेही टाकू नका. तो जंत कुत्र्यामार्फतच माणसात येतो. कापताना तुकडा उघडून दाखवायला सांगावं, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आपल्याकडे या अन्नाला नाक मुरडलं जातं ते वासामुळे कमी आणि जातीमुळे जास्त. ज्यांच्या वाट्याला मांसाचे चांगले तुकडे येऊच दिले नाहीत, त्या घरांनी वजडी, रक्ती, चाकणा यांची पाकविद्या घडवली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांग स्वयंपाकाची ही नोंद २०१५ साली मराठीत आणली, तेव्हा आपल्या पाककृतींच्या पुस्तकांतून किती घरं गायब होती ते दिसलं. हॉटेलात महाग ताटलीत भेजा फ्राय मागवणाऱ्यानं हे पुस्तक वाचावं. ज्यांनी अपमानाच्या वाट्यातून पोषण शोधलं, त्यांची ही विद्या आहे आणि तिचा मान त्यांचा आहे.

सासूबाई गेल्या. आता आमच्या घरी कलेजी आली की पहिली ताटली माझ्या मुलीची आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईची. पुरुष नंतर बसतात आणि त्यांची त्यावर काही तक्रार नाही. तुमच्या घरी मांसाहार होत असेल तर या रविवारी वाढताना एवढं बघा: पापणी फिकट कुणाची आहे. कलेजी तिला आधी वाढा, आणि ती जेवेपर्यंत चहाचं आधण ठेवू नका.