सांजवेळचीं पाखरें आणि उजेडाचा हिशेब

पक्षी फांदीवर स्वस्थ बसला असतां त्याचें छायाचित्र घेणें हें धीराचें काम आहे. तोच पक्षी दिवेलागणीस उडत असतां घेणें हें हिशेबाचें काम आहे. जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलेल्या माझ्यासारख्याला उतारवयांत हा छंद जडला, त्याचें कारण बहुधा हेंच असावें.

आमच्या परतवाड्याच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर आहेत. संध्याकाळीं संत्र्यांच्या बागांवरून बगळ्यांचे थवे मुक्कामास परततात. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें उडणारा पक्षी एका सेकंदांत १० मीटर जातो. शटर १/१०० सेकंद उघडें राहिलें, तर तेवढ्यांत तो १० सेंटिमीटर सरकतो आणि चित्र फरकटतें. १/१००० ठेवलें, तर एकच सेंटिमीटर. फ्रान्समधील मारे या शास्त्रज्ञानें १८८२ मध्यें बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडत्या पक्ष्यांचीं सेकंदास बारा चित्रें घेतलीं, तेव्हां त्यानेंहि प्रत्येक चित्रास १/७२० सेकंदच दिला होता.

परंतु वेळ दशांश केला कीं उजेडहि दशांशच पदरीं पडतो. ही तूट भरण्याचे मार्ग दोन. भिंगाचें छिद्र ५.६ वरून २.८ वर आणल्यास उजेड चौपट मिळतो. पण तसलीं लांब पल्ल्याचीं भिंगें पेन्शनरास परवडत नाहींत. उरला आयएसओ. तो ३२०० किंवा ६४०० वर न्यावा लागतो. त्यानें उजेड वाढत नाहीं. जो थोडा आला तोच मोठा करून दाखविला जातो, आणि चित्रांत कण दिसूं लागतात. मुसळधार पाऊस सारें अंगण सारखें भिजवितो, चार थेंब मात्र कोठें पडतात, कोठें नाहीं. थोड्या उजेडाचें तसेंच आहे.

आणखी एक मेख आहे. उजळ आकाशापुढें बगळा कॅमेऱ्यास काळा दिसतो, काळ्या डोंगरापुढें पांढराफटक. यंत्र पार्श्वभूमीस भुलतें. बगळ्यावरचा उजेड मात्र तोच असतो. म्हणून तिन्ही आंकडे आपल्या हातानें ठरवावे आणि अंधार वाढेल तसतसे दर पांच मिनिटांनीं बदलावे. फ्लॅश टाळावा; मुक्कामास निघालेल्या जीवाचे डोळे दिपविण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

माझा नातू म्हणतो, “आजोबा, ते कण कशाला ठेवतां? संगणक पुसून देईल, पिसें नवीं करून देईल.” देईलहि. पण जीं पिसें भिंगानें पाहिलींच नाहींत, तीं कोणाचीं?

त्याला मी रानपिंगळ्याची हकीगत सांगितली. ह्यूमनें १८७३ मध्यें या लहानशा घुबडाचें वर्णन केलें. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणासहि मिळाला नाहीं. पुढें कर्नल माइनर्टझहागेन यांच्या संग्रहांत १९१४ सालचा, गुजरातेंतील मांडवीचा म्हणून एक नमुना होता. तो दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला होता, असें पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें उघडकीस आणलें. ती खोटी नोंद बाजूस सारून त्यांनीं खऱ्या जुन्या नोंदींच्या प्रदेशांत शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें खानदेशांत शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हां दिसला. नंतर तो आमच्या मेळघाटांतहि आढळला. चिठ्ठी लहानच, पण खोट्या पुराव्यानें खऱ्याची वाट बुजते.

नातवाला हें पटलें कीं नाहीं, कोण जाणे. माझ्यापुरतें एक कारण आणखी आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु धरूं लागला असल्यानें सांजवेळचा बगळा मला आतां केवळ पांढरी रेघ दिसतो. त्याची मान कशी आंखडलेली होती, पाय कसे मागें सोडलेले होते, हें मला छायाचित्रच सांगतें. माझे डोळे ज्याची चूक काढूं शकणार नाहींत, त्या साक्षीदारानें तरी खोटें बोलूं नये. म्हणून माझ्या चित्रांतले कण मीं तसेच राहूं दिले आहेत.