दोन नावांचे शहर

परक्या शहरात एकट्याने घालवलेला पहिला दिवस हा मुख्यतः वाचनाचा दिवस असतो. ओळखीचे कोणी नसते, बोलायला भाषा नसते. मग माणूस पाट्या वाचत सुटतो. त्यातून तो बेळगावचा असेल तर विचारायलाच नको. पाटीवर कोणती भाषा वर, कोणती खाली, कोणाची अक्षरे ठळक आणि कोणत्या ओळीवर रात्रीतून डांबर फासले गेले, हे आपण शाळेत जाण्यापूर्वीच ओळखू लागतो. पाटीचा अर्थ त्यानंतर कळतो.

२०२५ च्या मे महिन्यात बेल्जियममधील ल्यूव्हेन या गावी एका परिषदेस जाण्याचा योग आला. परिषदेच्या आदला दिवस मोकळा होता. तो मी राजधानी ब्रुसेल्समध्ये काढायचे ठरवले. सकाळी आठच्या सुमारास मध्यवर्ती स्टेशनातून बाहेर पडलो. पाठीवर एक पिशवी होती, खिशात नकाशा होता आणि फ्रेंच व डच या दोन्ही भाषांतला ‘आभारी आहे’ एवढा एकच शब्द पाठ केलेला होता.

एका कोपऱ्यावर थबकलो. भिंतीवर निळ्या रंगाची पाटी आणि तिच्यावर रस्त्याची दोन नावे होती. वर ‘र्यू ओ बर’, खाली ‘बोटरस्ट्राट’. एक फ्रेंच, एक डच, आणि अर्थ दोन्हींचा एकच: लोणी गल्ली. पुढच्या रस्त्यावर तसेच, त्याच्या पुढच्यावरही तसेच. ब्रुसेल्स हे कायद्याने द्वैभाषिक शहर आहे. रस्ते, स्टेशने, सरकारी कागद, सगळे दोन भाषांत. अक्षरांचा आकारही सारखा. कोठे खाडाखोड दिसते का म्हणून मी चार-पाच पाट्या निरखून पाहिल्या. माझ्या वाटेत तरी नव्हती. खोटे कशाला सांगू, मला हेवा वाटला.

लोणी गल्ली जेथे संपते तेथे एकाएकी तो प्रसिद्ध चौक समोर येतो. फ्रेंचांचा ‘ग्रां प्लास’, डचांचा ‘ग्रोट मार्क्ट’. चहूबाजूंनी जुन्या व्यापारी संघांची सोनेरी नक्षीची घरे आणि मध्येच आकाशात घुसलेला नगरभवनाचा मनोरा. १६९५ साली चौदाव्या लुईच्या फौजेने तोफा डागून हा चौक जवळजवळ बेचिराख केला. नागरिकांनी थोड्याच वर्षांत तो पुन्हा उभा केला. नगरभवनासमोर आणखी एक देखणी इमारत आहे. फ्रेंच भाषक तिला ‘राजाचे घर’ म्हणतात. डच भाषक ‘पावाचे घर’ म्हणतात. मध्ययुगात तेथे पावाचा बाजार भरत असे. पुढे सरदार-राजांची कचेरी आली आणि वरिष्ठांच्या भाषेतले नाव बदलले. सामान्यांच्या भाषेत पाव तसाच राहिला. एकच इमारत, पण एका भाषेला तिच्यात राजा आठवतो आणि दुसरीला भाकरी. दोन नावे म्हणजे एका नावाचे नुसते भाषांतर नव्हे, हे मला त्या पायरीवर बसून कळले.

तेथून ‘मानेकन पिस’ हा सुप्रसिद्ध पुतळा पाहायला गेलो. निःसंकोचपणे लघुशंका करीत उभा असलेला हा ब्राँझचा पोरगा जेमतेम दोन वितींचा असेल. एवढ्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतात याचे हसू आले. पण त्याचे नाव मात्र दोन्ही भाषांत एकच आहे, आणि तेही स्थानिक डच बोलीतले. त्याचे भाषांतर करावे असे कोणालाच वाटले नाही. याउलट जवळच्या भिंतीवर चितारलेला टिनटिन! आपण पुस्तकांतून वाचलेला तो धाडसी पत्रकार याच शहराचा, पण डच मुले त्याला ‘कौफ्ये’ या नावाने ओळखतात. एकाच गावातली दोन मुले एकाच नायकाविषयी बोलत असली तरी नावावरून एकमेकांना समजणार नाहीत.

उन्हे वर आली तसा चढ चढून मारोल या जुन्या कामकरी वस्तीत गेलो. तेथल्या चौकात रोज सकाळी जुना बाजार भरतो. फुटके दिवे, पितळेची भांडी, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो, सगळे जमिनीवर मांडलेले. आपल्या शनिवारच्या बाजाराची आठवण झाली. एका आजीबाईंकडून मी शहराचे जुने पोस्टकार्ड घेतले. सकाळपासून सर्वत्र ‘मेर्सी’ म्हणत आलो होतो. येथे सहज डचमधला ‘डांक यू व्हेल’ वापरला. आजीबाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी भडाभडा डच बोलायला सुरुवात केली. माझी सारी विद्या त्या तीन शब्दांतच संपली आहे असे मी इंग्रजीत सांगितले, तेव्हा त्या खूप हसल्या.

मग मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “साहेब, याच शहरात जन्मले मी. दुकानात जाऊन माझ्या भाषेत मागते, उत्तर फ्रेंचमध्ये येते. आता मीच आधी फ्रेंच बोलते. घाई असते ना माणसाला!”

“पण पाट्या तर दोन्ही भाषांत आहेत,” मी म्हणालो.

“पाटी काही सामान तोलून देत नाही,” त्या म्हणाल्या.

दुपारभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. न्यायमंदिराजवळच्या उंच गच्चीवर उभे राहिले की सारे शहर खाली पसरलेले दिसते. हे शहर एके काळी मुख्यतः डच बोलींचे होते. दरबार, कचेरी आणि बढती यांची भाषा फ्रेंच झाली, आणि एकोणिसाव्या शतकात घराघरांतून ती पसरली. जी भाषा भाकरी देते ती हळूच स्वयंपाकघरात शिरते. पुढे डच भाषकांनी आपला हक्क मागितला, चळवळी झाल्या, आणि १९६२-६३ मध्ये देशाची भाषिक सीमा कायद्याने आखली गेली: उत्तरेस डच, दक्षिणेस फ्रेंच, आणि ब्रुसेल्स दोघांचे. पण दोघांचे म्हणजे एकत्र असे नव्हे. शाळा वेगळ्या, वर्तमानपत्रे वेगळी. ब्रुसेल्सचे ‘मुक्त विद्यापीठ’ १९६९-७० मध्ये दुभंगले. आज एकाच अर्थाच्या नावाची दोन विद्यापीठे एकाच शहरात नांदतात.

ज्या ल्यूव्हेनला मी निघालो होतो तेथली कथा याहून कडू आहे. तेथील जुन्या कॅथलिक विद्यापीठात १९६८ साली भाषेवरून एवढा भडका उडाला की देशाचे सरकार कोसळले. फ्रेंच शाखेने गाव सोडले आणि भाषिक सीमेपलीकडे तिच्यासाठी एक नवे गावच वसवावे लागले. ग्रंथालयाचीही वाटणी झाली. विषम क्रमांकाची पुस्तके एकीकडे आणि सम क्रमांकाची दुसरीकडे गेली, असे आजही सांगतात. १९१४ आणि १९४० या दोन्ही युद्धांत शत्रूने जाळलेले ते ग्रंथालय. शांततेच्या काळात घरच्यांनीच वाटून घेतले.

संध्याकाळी ल्यूव्हेनच्या गाडीत बसलो. ब्रुसेल्समध्ये स्टेशनांची नावे दोन्ही भाषांत पुकारली जात होती. शहराची हद्द ओलांडली आणि फ्रेंच थांबली. नियमच तसा आहे. याच देशात २०२४ साली एका तिकीट-तपासनिसाने गाडी ब्रुसेल्सला पोचण्यापूर्वीच डच नमस्कारापाठोपाठ ‘बोंझूर’ म्हटले, म्हणून एका प्रवाशाने तक्रार केली आणि प्रकरण भाषा-नियंत्रण आयोगापर्यंत गेले. नमस्कारालाही हद्द असते!

सकाळचा हेवा त्या गाडीत पुष्कळसा ओसरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपण पाटीसाठी भांडत आलो आहोत, आणि ते भांडण क्षुल्लक नाही. आपल्या भाषेतली पाटी म्हणजे ‘तूही इथलाच’ असे सरकारने लिहून देणे होय. ब्रुसेल्सने तेवढे दोघांनाही लिहून दिले आहे, आणि ते आपण त्यांच्याकडून शिकावे. पण आपल्या भाजीबाजारात पाहा. खेड्यावरून आलेली भाजीवाली एका गिऱ्हाइकाला मराठीत भाव सांगते, दुसऱ्याला कन्नडमध्ये, आणि हिशेब दोन्हींची सरमिसळ करून घालते. तिला कोणी आयोग नेमून शिकवलेले नाही. मी पाहिलेल्या ब्रुसेल्समध्ये पाट्यांचे जुळले आहे, जिभांचे नाही. आपल्याकडे जिभांचे जुळते, पाट्यांचे जुळत नाही. ज्या गावाला ही दोन्ही साधतील ते गाव भाग्याचे.

आपल्या या वार्षिकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. एकाच दोऱ्याने शिवलेले, एकाच खर्चात छापलेले. ही आपली दोन भाषांची पाटीच आहे, आणि ती आहे याचा अभिमान वाटावा. पण त्या आजीबाई म्हणाल्या तसे, पाटी काही सामान तोलून देत नाही. म्हणून संपादक मंडळाला आणि विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. पुढील वर्षापासून मराठी विभागातील एक लेख कन्नडमध्ये आणि कन्नड विभागातील एक लेख मराठीत यावा, आणि ते अनुवाद विद्यार्थ्यांनीच, शेजारी बसणाऱ्या मित्राला विचारून करावेत. अडेल तेथे आपली भाजीवाली आहेच.