झुलते पूल आणि अनित्य भावना



सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला. त्याला दोन मुख्य केबल आहेत आणि एकेका केबलमध्ये २७,५७२ तारा. सोसाट्याच्या वाऱ्यात तो हलतो, तसाच तो बांधलाय. त्याच अमेरिकेत टॅकोमाचा पूल १ जुलै १९४० रोजी सुरू झाला आणि ७ नोव्हेंबरला वाऱ्याने पिळवटून कोसळला. जेमतेम चार महिन्यांचं आयुष्य!

आणि आपल्या जवळचं मोरबी? दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, ३० ऑक्टोबर २०२२. दुरुस्ती होऊन पूल चारच दिवसांपूर्वी उघडला होता. मुलाबाळांना घेऊन माणसं हौसेने आली होती. १३५ जीव गेले. चौकशीत कळलं, तुटलेल्या केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. पायाखालचे पत्रे नवे, तारा मात्र जुन्याच.

अनित्य भावनेत आपण देह, घर, नाती काहीच कायमचं नाही, असं चिंतन करतो. ते घाबरून बसण्यासाठी नाही. भगवंतांनी गौतमस्वामींना एका समयाचाही प्रमाद नको म्हणून सांगितलं, ते जागं राहण्यासाठी.

नात्यातही एकेक तार अशीच गंजते. जावेशी धरलेला अबोला, आईला ‘नंतर करते’ म्हणून राहिलेला फोन. वरून घर छान रंगवलेलं दिसतं. संवत्सरी लांब असली, तरी ‘मिच्छामि दुक्कडम्’ आज संध्याकाळच्या प्रतिक्रमणात आहेच. उठल्यावर ते त्या माणसालाही म्हणूया.