आधी माळा उतरवा

घर बघायला गेलो की मी आधी मान वर करतो. सोफा, फ्रिज, टीव्ही, कपाट हे सगळं समोरच असतं, घरातली मंडळी ते उत्साहानं मोजूनही देतात. माळ्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "वर काही नाही हो, थोडंसं जुनं सामान आहे." या थोड्याशा जुन्या सामानामुळे माझे कितीतरी टेम्पो अपुरे पडले आहेत.

घरं हलवण्याच्या धंद्यात मला २७ वर्षं झाली. डोक्यावर ओझं वाहण्यापासून सुरुवात केली, आता मुकादम आहे. परळ, लालबाग, गिरगाव, दादर हा माझा पट्टा. इथे चाळी उतरतात आणि टॉवर चढतात, त्यामुळे एकाच कुटुंबाला दोनदा हलवायचं काम येतं: आधी चाळीतून भाड्याच्या घरात, मग काही वर्षांनी नव्या इमारतीत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा खोलीत सामान ते किती असणार? पण चाळीतली खोली वरच्या दिशेनं भरलेली असते. माळ्यावर पाटा-वरवंटा असतो, पितळी घागरी असतात, गौरीचे मुखवटे, पाळणा, लग्नातल्या गाद्या, तीन पिढ्यांच्या वह्या असतात.

सामान बांधायला येणाऱ्या माझ्या पोरांचा हात फार चालतो. समोर दिसेल ते कागदात गुंडाळून खोक्यात जातं. कचऱ्याची बादली कचऱ्यासकट बांधलेली मी नव्या घरात उघडून पाहिली आहे. त्यात पोरांचा दोष नाही. काय ठेवायचं, काय द्यायचं, काय रद्दीत घालायचं हे घरच्यांनीच ठरवावं लागतं, आणि आम्ही दाराशी आल्यावर ते ठरत नाही. तेव्हा फक्त भांडणं होतात. म्हणून मी सांगतो, आम्ही यायच्या आठ दिवस आधी माळा उतरवा, दिवाणाचा पेटारा उघडा, पलंगाखालून हात फिरवा. दिवाळीच्या झाडलोटीत ही कामं आपण करतोच. फरक इतकाच, की या वेळी काढलेली वस्तू पुसून परत वर ठेवायची नाही.

परळच्या एका चाळीतलं काम मला विसरता येत नाही. मी नवा मुकादम होतो. खोलीत आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. माळ्याबद्दल मुलगा म्हणाला, "सगळं भंगार आहे, सोडून द्यायचंय." मी मान डोलावली, वर चढून पाहिलं नाही. टेम्पो भरला, मागची फळी लावली, दोर आवळला, आणि आजी जिन्यात बसून राहिल्या. वर एक पत्र्याची ट्रंक होती. आजोबांचा गिरणीचा पास, पगाराच्या चिठ्ठ्या आणि त्यांचा एक कोट. "ती आल्याशिवाय मी उठत नाही," एवढंच म्हणाल्या. टेम्पोत इंचभर जागा नव्हती. मी ट्रंक उतरवून घेतली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर धरून नेली. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला वेगळं बसवून विचारतो, "आजी, तुमचं काय काय आहे?"

यंत्रांची तयारी मात्र लोक अगदीच विसरतात. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून रिकामा ठेवायचा, बर्फ वितळला की आतून कोरडा पुसायचा. नाहीतर वाटेत पाणी गळतं आणि खालच्या गाद्या भिजतात. न्यायचा उभाच, नव्या घरी तीन-चार तास तसाच राहू द्यायचा, मग बटण लावायचं, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर बसतं. पुढून दार असलेलं वॉशिंग मशीन नवं आलं तेव्हा त्याच्या मागून लांब बोल्ट काढले होते, ते शोधा. ते परत लावले नाहीत तर आतला ड्रम हिंदकळून मशीन कामातून जातं. एसीवाल्याला आदल्या दिवशी बोलवा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतल्याशिवाय त्यानं नळी सोडता कामा नये. गीझर आणि पाण्याचा फिल्टर रिकामे करून ठेवा.

गॅस सिलिंडर मी घेत नाही. रिकामा दिसला तरी त्यात गॅस उरलेला असतो. गाव बदलणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, त्यावर अनामत परत मिळते.

पुस्तकं छोट्या खोक्यात भरा. मोठ्या खोक्यात भरलीत तर उचलताना तळ फाटतो. ताटं आणि काचेच्या बश्या एकावर एक न ठेवता उभ्या लावायच्या. लोणच्याची बरणी स्वतःच्या हातात. दागिने, रोकड, घराचे कागद आणि रोजची औषधं यांची पिशवी घरच्याच माणसाच्या खांद्यावर, दिवसभर.

सोसायटीची परवानगी आधी काढा. बऱ्याच ठिकाणी रविवारी सामान हलवू देत नाहीत, लिफ्टलाही वेळ नेमलेली असते. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दिवाळीतली बलिप्रतिपदा या दिवसांना सगळ्यांनाच गृहप्रवेश हवा असतो. तेव्हा लिफ्टसाठी दोन घरांची सामानं एकाच पॅसेजमध्ये अडकलेली मी पाहिली आहेत. जुन्या लाकडी कपाटाचं माप घ्या, नव्या दाराचं आणि लिफ्टचंही. कपाट बाराव्या मजल्यावर जिन्यानं चढवायचं म्हणजे माणसांच्या पाठी मोडतात, हे मला कळवळून सांगावंसं वाटतं.

देवांना मी हात लावत नाही. देव घरच्यांनी पुढे न्यायचे, सोबत पाण्याचा कलश, मीठ, हळद-कुंकू, नवी केरसुणी. दूध उतू घालायचं पातेलं आणि काडेपेटी त्याच पिशवीत हवी. ते पातेलं चुकून खोक्यात गेलं, तर चाळीस खोकी उघडावी लागतात.

त्या परळच्या आजींना मी नव्या टॉवरमध्येही पोहोचवलं. या खेपेला ट्रंक यादीत पहिली लिहिली होती. आजींनी नवं घर हिंडून पाहिलं, प्रत्येक खोलीत मान वर केली आणि मला विचारलं, "मुकादम, माळा कुठाय?"

माळा नव्हता. मुलानं काही न बोलता हॉलमधल्या खिडकीखालची खोकी सरकवली आणि ट्रंक तिथे ठेवली. आजी तिच्यावर बसून खाली रस्त्याकडे बघू लागल्या. आम्ही बाकीचं सामान आत घेतलं.