‘मी’ म्हणण्याची परीक्षा

अंबाजोगाईच्या आमच्या घरात ‘मी’ हा शब्द फारसा चालत नाही. तीन भावांची चूल एक, हिशेबाची वही एक, आणि बोलण्याची रीतही एकच. कुरडयांचा चीक कोणी पातळ केला असे विचारले, तरी ‘आमच्याकडून जरा पातळ झाला खरा’ असेच उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकही त्याच वळणाचा आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ह्या वळणापायी आमच्या पुतणीची एक चांगली नोकरी हातची गेली, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

पुतणी व्हिज्युअल डिझायनर आहे. हा धंदा काय, हे समजावयास आम्हांस दोन वर्षे लागली. मोबाईलच्या स्क्रीनवर अक्षर केवढे असावे, बटण कोठे यावे, कोणत्या रंगाने डोळा कोठे वळावा, हे ठरविणारा तो कारागीर. अशा उमेदवारास गुणपत्रिका फारशी कोणी विचारीत नाही. केलेल्या कामांचा संग्रह, ज्यास पोर्टफोलिओ म्हणतात, तो चार-पाच परीक्षकांपुढे मांडावा लागतो, आणि मग एकेकजण उलटतपासणी घेतो.

तिच्या संग्रहातील मुख्य काम आपल्याच जिल्ह्यातले होते. बीड जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम हंगामापूर्वी त्यांस उचल देतो, आणि तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फिटत जाते. न फिटल्यास बाकी पुढील सालावर. हा हिशेब बहुधा मुकादमाच्या वहीत राहतो. तो कोयत्याच्या स्वतःच्या मोबाईलवर, वाचता न येणाऱ्यासही उमजेल असा दाखवावा, ही तिची कल्पना. काकूंच्या ठिपक्यांच्या रांगोळीवरून तिने दर खेपेस एकेक मोळी काढली होती. केज तालुक्यातील एका ऊसतोड बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “मोळ्या काय दावता? मोळ्या आम्ही मोजल्याच की. फिटायचं किती राहिलं ते दावा.” झाले! मोळ्या गेल्या, आणि रोज थोडी थोडी कमी होणारी एक रास त्यांच्या जागी आली.

२०२३ च्या पावसाळ्यात एका मोठ्या तंत्रज्ञान-कंपनीपुढे तिने हे काम मांडले. “आम्ही असे ठरविले”, “आम्ही हे बदलले”, असे ती सांगत गेली. परीक्षकांनी विचारले, “ह्यात तुमचा भाग कोणता?” ती म्हणाली, “आम्ही सर्वांनी मिळून केले.” हाच प्रश्न तीनदा आला व तेच उत्तर तीनदा गेले. आठ दिवसांनी नकार कळला. नकार कळविणाऱ्या बाई भल्या होत्या. एवढे बोलल्या, की काम आवडले, पण ते कोणाचे हे कोणास कळले नाही.

आम्ही संतापलो. कृतज्ञ मनुष्य ‘आम्ही’ म्हणतो, आणि हे त्याचे दूषण ठरावे काय? पुतणी शांतपणे म्हणाली, “काका, तिथे एकेका स्क्रीनवर शेकडो हात फिरतात. कोणाचा हात कसा आहे, हे त्यांना कळायला नको का?” मग तिने विचारले, “सरकारी कचेरीतला कागद ज्या ‘मंगल’ अक्षरांत छापून येतो, ती अक्षरे कोणी घडवली, ठाऊक आहे?” आम्हांस ठाऊक नव्हते. ती र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्यांची. विंडोज २००० पासून ती संगणकांवर आली. जोशी कवी म्हणून आमच्या परिचयाचे. मराठी शिकविण्यात आमची हयात गेली, आणि वर्षानुवर्षे त्यांचीच अक्षरे वाचून ती कोणाची, हे आम्ही कधी विचारले नव्हते!

त्या दिवसापासून माजघरात रोज सायंकाळी तालीम सुरू झाली. परीक्षक काकू. “हा रंग कोणी निवडला?” “आम्ही... नव्हे, मी.” आजी पदर तोंडाला लावून हसत.

एके रात्री तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले: ‘माझे’ आणि ‘दुसऱ्यांचे’. रंग व मांडणी तिची. ओळींतील अंतर तिचे. रोमन लिपीच्या मापाने ओळी आखल्या म्हणजे आपला रफार वरून व उकार खालून छाटला जातो, म्हणून तिने ते वाढविले होते. रांगोळी काकूंची. रास त्या ऊसतोड बाईंची. आम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचले. आमचे नाव कोठेच नव्हते. आमच्या संतापाचे मूळ तेव्हा आमचे आम्हांसच दिसले, आणि ते फारसे शोभादायक नव्हते. ‘आम्ही’त आमचाही वाटा आम्ही गृहीत धरला होता; वस्तुतः दोन ह्रस्व-दीर्घ सुधारण्यापलीकडे आम्ही काहीच केले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहतो तो दुसऱ्या रकान्याच्या तळाशी ‘शुद्धलेखन: काका’ अशी ओळ आलेली!

दुसऱ्या कंपनीची मुलाखत घरूनच, माडीवरून झाली. वीज गेली, परंतु इन्व्हर्टरने लाज राखली. आम्ही जिन्यात बसून होतो. बंगळुरूचे पाचजण प्रश्न विचारीत होते, आणि ती ‘मी’, ‘मी’ म्हणत होती; कानांस ते जरा खुपलेच. मग रास आली. ती म्हणाली, “हा विचार माझा नाही. वर्षानुवर्षे ऊस तोडणाऱ्या एका बाईंचा आहे. तो ऐकून आधीची सात स्क्रीन टाकून दिली, ते काम माझे.” पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, “ती सात आहेत का? दाखवा.” तिने जपून ठेविली होती. ठरल्या वेळेपेक्षा मुलाखत बरीच लांबली.

नोकरी मिळाली. ती बंगळुरूस जाऊन आता वर्ष उलटून गेले. रविवारी फोन येतो, तेव्हा सारे घर भोवती जमते. परवा काकूंनी विचारले, पाऊस कसा आहे? ती म्हणाली, “आमच्याकडे चार दिवस लागून राहिलाय.”

काकूंनी फोन कानापासून दूर धरून आमच्याकडे पाहिले. अंबाजोगाईत त्या दिवशी कडक ऊन होते.