पाठीवरचें ओझें

गेल्या वर्षीं ज्येष्ठ वद्य अष्टमीस आम्ही आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायीं निघालों, आणि सासवडाहून मोटारीनें घरीं परत आलों. चिंचवडच्या आमच्या आळींत ही वार्ता सर्वांस ठाऊक आहे. कोणी आमच्या गुडघ्यांस बोल लावतात, कोणी वयास. आमचे गुडघे निर्दोष होते. दोष पिशवीचा होता, आणि ती आम्हींच निवडलेली असल्यामुळें अर्थात् आमचा.

दिंडींतील वारकऱ्यांचें जड सामान ट्रकांतून पुढच्या मुक्कामास जातें. जवळ दिवसापुरतें ठेवावें अशी रीत आहे. पण ट्रकावर भरंवसा न ठेवण्याची दुर्बुद्धि आम्हांस झाली. धोतरजोडी, कांबळें, सार्थ ज्ञानेश्वरी, औषधें, फराळाचा डबा, सर्व कांहीं आम्हीं एका खांद्यावर अडकवावयाच्या कापडी पिशवींत कोंबलें. पुण्याहून सासवडचा टप्पा सुमारें ३२ किलोमीटरांचा, आणि वाटेंत दिवे घाट. घाटाच्या मध्यावर उजव्या हातास मुंग्या येऊं लागल्या. रात्रीं पंगतींत बसलों तों भाकरी मोडवेना. शेजारच्या वारकऱ्यानें न बोलतां ती मोडून आमच्या पानांत ठेवली. पस्तीस वर्षें खडू धरलेला तो हात! डॉक्टरांनीं पुढें सांगितलें कीं, हातांत कांहींच बिघाड नाहीं. मानेपासून हाताकडे जाणारे मज्जातंतु पट्ट्याखालीं दाबले गेले.

या वर्षीं पुन्हां जाण्याचा बेत सांगतांच सूनबाईंचा चेहरा उतरला. चाकणच्या कारखान्यांत नोकरीस असलेला पुतण्या मात्र म्हणाला, "काका, तुम्ही जरूर जा, पण पिशवी मी म्हणेन तिथें घ्यायची." रविवारीं तो आम्हांस गिर्यारोहणाचें साहित्य विकणाऱ्या दुकानांत घेऊन गेला.

दुकानांतील मुलानें आमची उंची विचारलीच नाहीं. मान खालीं घालावयास सांगून, मानेच्या मुळाशीं उंच येणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत त्यानें फितीनें पाठीचें माप घेतलें. तें १७ इंच भरलें. पुतण्या आमच्याहून चार बोटें ठेंगणा, पण त्याचें १८! उंची पाहून पिशवी घेणारा फसतो तो असा.

पण खरी मेख कमरेच्या पट्ट्यांत आहे. हा पट्टा पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर बसवून आवळला कीं बहुतेक भार तेथून पायांवर उतरतो, आणि खांद्यावरचे पट्टे पिशवी मागें कलंडूं नये एवढ्यापुरतेच उरतात. त्या मुलानें आंत वजनें भरून आम्हांस येरझारा घालावयास लावलें. प्रथम पट्टा सोडून, मग आवळून. दोहोंतील अंतर आम्हांस व्याख्यानाविना कळलें. आमच्या वाडवडिलांची पडशी दोन अंगांची. एक छातीवर, एक पाठीवर, म्हणजे भार समतोल. कावडीचेंही तत्त्व तेंच. नेपाळांतील हमाल कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवरचें ओझें तोलतात. त्यास ते नाम्लो म्हणतात. आमच्या एकखांदी पिशवीस मात्र कोणत्याच परंपरेचा आधार नव्हता.

पिशवीचें आकारमान लिटरांत सांगतात. तंबू व शिधा वाहणाऱ्यास ५०-६० लिटर लागतात. पुतण्याचा कल ४५ कडे होता. आम्ही ३० वर अडून बसलों. मोठी पिशवी रिकामी राहत नाहीं. आमच्या घरचा माळा पाहिलेल्यास हें पटवून द्यावें लागणार नाहीं. पावसासाठीं वरून खोळ मिळते, परंतु पाठीच्या बाजूनें ओघळ आंत शिरतोच. म्हणून आंत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तींत कपडे ठेवावे.

पुढें दहा दिवस आम्ही रोज पहाटे चार किलो तांदूळ पाठीस लावून निगडीची दुर्गा टेकडी चढलों. पहिल्या दिवशीं तांदूळ बाहेरच्या कप्प्यांत होते, तेव्हां पिशवी आम्हांस मागें ओढूं लागली. जड वस्तु पाठीलगत, दोन फऱ्यांच्या खालोखाल ठेवली म्हणजे हा त्रास जातो. हाताच्या मुंग्या आल्या नाहींत.

धडधाकट तरुण आपल्या वजनाच्या पंचमांशाइतकें ओझें नेतात. आमच्यासारख्यानें दशांशाच्या आंतच राहावें असें घरांत ठरलें, आणि पुतण्यानें स्वयंपाकघरांतला काटा आणून एकेक वस्तु तोलली. आमचें वजन ६२ किलो. पाण्यासुद्धां पांच किलो ही आमची मर्यादा. कांबळें ट्रकाच्या वळकटींत गेलें. ज्ञानेश्वरीही गेली, तिच्यासाठीं आम्हीं थोडी हुज्जत घातली. पांच किलो पुरे झाले तेव्हां आम्हीं फिरकीचा पितळी तांब्या पुढें केला.

"काका, पाण्याला बाटली घेतली आहे ना?"

तो पिण्याच्या पाण्यासाठीं नव्हता. चंद्रभागेचें पाणी आणावयास म्हणून आमच्या कुटुंबानें तो मागें घेऊन ठेवला होता. ती गेली त्यास तीन वर्षें झालीं. हें पुतण्यास आठवलें असावें, कारण त्यानें तांब्या निमूटपणें काट्यावर ठेवला. साडेआठशे ग्रॅम भरला. आम्हीं जादा धोतर आणि फराळाचा डबा काढून वळकटींत घातला, आणि तांब्या पंच्यांत गुंडाळून पाठीलगत मधोमध बसवला.